खोंड, गोऱ्हा आणि आदत : फरक काय?

बेळगाव : चिकोडीकडच्या पाहुण्यांच्या तोंडी ऐकलं, "खोंड अजून आदत हाय, औंदा जुवाला लावायचं न्हाई." खोंड म्हणजे गोऱ्हाच ना? आणि 'आदत' म्हणजे सवय का?

निपाणी : सवयीचा इथं काही संबंध नाही. दुधाचे दात आहेत तोवर जनावर आदत. समोरचे दोन पक्के दात आले की दुसा किंवा दोनदाती, वय साधारण दोन वर्षं. चार आले की चौसा. आठही आले की जुळला. बाजारात वय विचारण्यापेक्षा जबडा उघडून बघतात, ते बरं.

गोऱ्हा म्हणजे गायीचं नर वासरू, हे कळतं सगळ्यांना, पण आमच्या घरात पाडा, मग खोंड. बडवून, म्हणजे खच्ची करून (आता डॉक्टर चिमटा लावतात), औताला रुळला की बैल. शर्यतवाल्यांनी मात्र घोळ केलाय. न बडवलेला, चांगला थोराड झालेलासुद्धा त्यांचा खोंडच!

खानापूर : 'जुवाला लावणे' म्हणजे एका दिवसाचं काम समजू नका. आधी वेसण, तीही जखम भरेपर्यंत ओढायची नाही. मग जाणत्या बैलाशेजारी नुसतं जू. ते सोसलं की मागं ओंडका, नंतर मऊ रानात ढेकळं फोडायचा हलका कुळव. नांगर सगळ्यात शेवटी. घाई केली की खांदा सुजतो आणि जनावर जू बघितलं तरी बुजतं. झटापट न करता चालायला लागला की म्हातारे म्हणतात, "मान दिली."

अथणी : कन्नडमध्ये होरी (खोंड) आणि एत्तु (बैल) असा जवळपास हाच फरक. वेसणीला मूगुदार, माणसाळवून कामाला तयार करणं म्हणजे पळगिसु. आमच्या मराठी घरातही 'होरी' सर्रास चालतं. कन्नड घरातून आणलेल्या बैलाला पहिले काही दिवस कन्नडमध्येच हाकावं लागतं, हे वेगळंच!

बेळगाव : मग बेंदराला, बैलांच्या सणाला, आदत खोंडाचीही शिंगं रंगवतात?

निपाणी : रंगवतात की, पोरं सोडतात होय! खांदेमळणी, म्हणजे खांद्याला हळद-तूप चोळणं, मात्र आमच्यात जू ओढणाऱ्याचीच. हळद-तूप त्या घासलेल्या खांद्यासाठी असतं, खोंडाचा खांदा अजून कोराच. आणि बेंदूर कुठला ते विचारून घ्या. आपल्याकडचा कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कारहुणवी, ज्येष्ठ पौर्णिमेला. कोल्हापूरकडचा आषाढात.