मदत हवी आहे: रानात जुन्या पुतळ्या सापडल्या, कळवायचं कुणाला?

नमस्कार मंडळी,

कराड तालुक्यात कृष्णाकाठी आमच्या चुलत्यांचं रान आहे. उसाच्या लागणीत दाजींची अंगठी सरीत पडली, म्हणून मित्राकडून मेटल डिटेक्टर आणला. अंगठीचा अजून पत्ता नाही. आमच्या काळ्या मातीत मशीन आधी नुसतं किरकिरत होतं. ग्राउंड बॅलन्स (मशीन त्या मातीशी जुळवून घेणं) केल्यावर शांत झालं, पण सोनं आणि गुटख्याची चंदेरी पुडी यांचा आकडा जवळपास सारखाच दाखवतं. त्यामुळे प्रत्येक पुडीसाठी वाकायचं. कंबरेचं विचारू नका.

बांधाकडेला, जिथे पूर्वी वस्ती होती म्हणतात, तिथे मात्र खणखणीत आवाज आला. वीतभर खाली पितळी गडूचा फुटका काठ आणि आतल्या घट्ट मातीत पाच सोन्याच्या पुतळ्या (माळेत ओवतात त्या नाण्यासारख्या चकत्या), शिवाय चांदीच्या वाळ्याचा तुकडा. पुतळ्यांना वर कडी डाखलेली आहे. एका बाजूला दोन माणसं, एक उभा, एक गुडघे टेकलेला, मध्ये झेंड्याच्या काठीसारखं काहीतरी. मागे लंबगोलात उभी आकृती, भोवती चांदण्या. अक्षरं ना देवनागरी, ना मोडी, ना फारसी. आजीच्या पुतळ्यांच्या माळेत राम-सीता होते, हे भलतंच आहे.

घरात दोन तट पडलेत. चुलते म्हणतात, "सोनाराकडनं धुऊन आण आणि वाटून टाक. कळवलंस तर सरकार रानच घेईल." काकी म्हणतात, आपल्याच पणजीचं असणार, सरकारचा काय संबंध? कुणाला यातलं माहीत असेल तर सांगा. या पुतळ्या कसल्या, आणि रान खरंच जातं का?

मिरजेचा नाणेवेडा:
वर्णन इटलीतल्या व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याचं आहे. उभा तो संत मार्क, गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, मागे चांदण्यांत येशू. हे नाणं 1284 पासून पाडलं गेलं आणि व्यापारातून आपल्याकडे भरपूर आलं. आपल्या सोनारांनी त्याच्या नकलाही केल्या. खऱ्याचं वजन साधारण साडेतीन ग्रॅम, पण तुमच्याकडे कडीचं सोनं धरून भरेल. नकलेत अक्षरं बहुधा नुसत्या रेघोट्या होतात, चेहरे बाहुलीसारखे. भिंग लावून बघा आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका. चिंच, रिठा, तेजाब काही लावू नका. माती असू दे.

निवृत्त अव्वल कारकून:
चुलत्यांना सांगा, सोनाराची पायरी चढू नका. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. दडवलं तर सापडणाऱ्याचा वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. साथ देणारा जमीनमालकही सुटत नाही.

पुढे नोटीस निघते, दावेदारांना बोलावतात. कुणी मालक ठरला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला ठेवायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. रान घेण्याची तरतूद त्या कायद्यात नाही.

काकींचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. शंभर वर्षांच्या आत पूर्वजाने पुरलं असं मानायला कारण असेल, तर दिवाणी कोर्टात हक्क सिद्ध करायला मुदत मिळते. पण "पणजीचं असणार" एवढ्यावर कोर्ट हलत नाही. जुनं वाटणीपत्र, दागिन्यांची यादी असलं काही आहे का?

आणि आता मशीन बंद ठेवा. जवळपास संरक्षित स्मारक असेल तर तिथे विनापरवाना खणणं हा वेगळाच गुन्हा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. अक्षरं नीट लागत नाहीत, चेहरे बाहुलीसारखेच आहेत, म्हणजे नक्कल दिसते. फोटो रात्री टाकतो. वाटणीपत्र चुलत्यांच्या ट्रंकेत आहे, पण किल्ली द्यायला तयार नाहीत. पुतळ्या मात्र त्यांनी मुकाट्याने माझ्याकडे दिल्या, कैदेचं वाचून दाखवल्यावर. आता एकच: सातबारा सामाईक आहे, चार नावं. मालकाचा हिस्सा चौघांत जाणार ना? आणि अर्जावर सह्या सगळ्यांच्या लागतात की सापडणारा म्हणून माझी एकट्याची चालेल?