लाइट आली तरी सर्व्हर उठत नाही, घरबसल्या चालू कसा करायचा?

गुहागरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी राहतो गुहागरात आणि सांभाळायचा सर्व्हर चिपळूणच्या एका ऑफिसात. पावसाळ्यात लाइट जाते त्यात काही नवीन नाही, यूपीएस आहे, त्याची यूएसबी वायर सर्व्हरला लावलीय, बॅटरी उतरत आली की लिनक्स आपणहून नीट बंद होतं, तिथपर्यंत सगळं झकास. पण लाइट परत आली की सर्व्हर ढिम्म. मग शिपाई काकांना फोन, काका पुढचं गोल बटण दाबा, हिरवं लागलं का, नाही, मग कुठलं दाबलंत, तर यूपीएसचं! म्हणजे चालू होता तो राउटरपण गेला. गेल्या रविवारी काका गावी होते म्हणून भर पावसात एसटीने गेलो, बटण दाबलं, परत आलो. आई विचारते एवढं काय काम होतं रे, आता काय सांगू तिला, एक बटण होतं.

मागे पान्याचं चिन्ह असलेला वेगळा नेटवर्क पोर्ट आहे, त्यात वायर घातलीय. तिथे एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) पण आहे, व्हीपीएनवरून (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा खाजगी मार्ग) त्यात एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सोय) जाता येतं. त्यावरून आयपीएमआयटूल (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची कमांड) चालवलं तर सेशन एस्टॅब्लिश होत नाही म्हणतं. बायोसमध्ये एसी रिकव्हरी (करंट परत आल्यावर मशीनने काय करायचं ती सेटिंग) 'लास्ट'वर आहे. काय चुकतंय? (मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, कमांड समजून घ्या.)

सिसॅडमिन_ताई:
अरे तुझ्याकडे सगळं सामान आहे, फक्त जोडलेलं नाही. तो पान्याचा पोर्ट म्हणजे बीएमसी, बोर्डावरचा वेगळा छोटा कॉम्प्युटर. मेन मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये करंट असेपर्यंत तो जागा असतो, म्हणून त्याला सांगून मशीन चालू करता येतं.

सर्व्हर चालू असताना त्याच्याच लिनक्समध्ये रूट होऊन 'लॅन प्रिंट १' बघ, बीएमसीचा आयपी काय आहे ते कळेल, बऱ्याचदा आपण भलत्याच आयपीवर डोकं आपटत असतो. मग बीएमसीच्या वेबपेजवर जाऊन आयपीएमआय ओव्हर लॅन (नेटवर्कवरून हुकूम घेणं) चालू आहे का बघ, बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. आणि इंटरफेस लॅनप्लस दे, नुसतं लॅन दिलंस तर ते आयपीएमआयचं जुनं १.५ व्हर्जन बोलतं. मग 'चॅसिस पॉवर स्टेटस' (चॅसिस म्हणजे सर्व्हरच), आणि ऑफ दिसलं तर 'चॅसिस पॉवर ऑन'. बंद मशीनला 'सायकल' देऊ नको, बऱ्याच मशीनवर ते नुसती एरर देतं. चालू मशीन बंद करायचं तर 'सॉफ्ट', 'ऑफ' म्हणजे सरळ वायर उपटल्यासारखं.

पासवर्ड कमांडमध्ये लिहू नको, हिस्टरीत राहतो. फाइलमध्ये ठेव.

मालवणी_मॉडेम:
माका पण ह्योच त्रास होतो पावसात. एक सांगतो, राउटरवर पोर्ट ६२३ (आयपीएमआयचा) बाहेर उघडू नको हां. आयपीएमआय २.० मध्ये नुसतं युजरनेम माहीत असलं तरी समोरचा लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनलेला सांकेतिक आकडा) काढून घेतो आणि घरी बसून फोडतो, पॅच येऊन जाईल असलं ते नाही, प्रोटोकॉलच तसा. व्हीपीएन आहे तर तिथूनच जा. आणि फॅक्टरीचा पासवर्ड बदललास ना?

शिवाय पोर्टच्या पिना बघ. आमच्याकडे खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, लिंक लाइट लागायची पण पॅकेट अर्धी गळायची. चिपळूण आत आहे तरी बघ.

गुहागरचा_पोरगा:
ताई, झालं! आयपी खरंच दुसरा होता, मी राउटरच्या लिस्टमधल्या भलत्याच डब्याला हाका मारत होतो. पासवर्डपण बदलला (होय, फॅक्टरीचाच होता, ओरडू नका). पण मग तो आपणहून का उठत नाही? रिकव्हरी 'ऑलवेज ऑन' केली की झालं ना?

सिसॅडमिन_ताई:
अर्धंच. 'लास्ट' म्हणजे करंट जाण्याआधी जसं होतं तसं. लिनक्स नीट बंद झालं होतं, म्हणून ते बंदच राहतं, त्याचं काही चुकत नाही. 'ऑलवेज ऑन' कर, पण त्यालाही आधी करंट गेल्याचं कळावं लागतं. आता बघ, सर्व्हर बंद झाला, यूपीएसमध्ये थोडी बॅटरी उरलीय, तेवढ्यात लाइट आली. सर्व्हरच्या वायरीतला करंट तुटलाच नाही! मग तो कशाला उठेल? 'एसईएल लिस्ट' (बीएमसीची घटनांची नोंदवही) काढून बघ, रविवारच्या वेळेला 'एसी लॉस्ट' दिसतंय का.

गुहागरचा_पोरगा:
नाही. एकही नाही. मी तीन महिने बायोसला शिव्या घालतोय.

बंदर_रोड:
आमच्या यूपीएसला बंद झाल्यावर आउटपुट तोडून लाइट आल्यावर परत देता येतं, नटमध्ये (यूपीएस सांभाळणारं सॉफ्टवेअर) किलपॉवर म्हणतात, पण स्वस्त यूपीएस ऐकत नाहीत. नसेल ऐकत तर यूपीएसची यूएसबी सर्व्हरमधून काढून पायला लाव, सर्व्हरला पायकडून कळू दे. पाय जागाच असतो. त्यावर क्रॉनमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी) छोटी स्क्रिप्ट, यूपीएस लाइटवर आहे, बॅटरी अर्ध्याच्या वर आहे आणि चॅसिस ऑफ आहे, हे तिन्ही जुळलं तरच पॉवर ऑन. बॅटरीची अट गाळू नको, आपल्याकडे लाइट एकदा येऊन थांबत नाही, येते जाते येते, आणि मधेच डिस्क तपासणीत मशीन परत पडलं की बस रडत.

गुहागरचा_पोरगा:
यूपीएस ऐकत नाही, म्हणून स्क्रिप्टच टाकली. काल संध्याकाळी लाइट गेली, रात्री आली, मी जेवत होतो, पायचा मेसेज आला पॉवर ऑन म्हणून. दहा मिनिटं झाली तरी पिंग नाही! मग 'सोल ॲक्टिव्हेट' करून सिरीयल कन्सोल (सर्व्हरची स्क्रीन नेटवर्कवरून) उघडला तर डिस्क तपासणी वाय का एन विचारत बसलेली. वाय दाबलं, उठला. सोलमधून बाहेर पडायचं टिल्ड (~) आणि टिंबाने ना? मी दाबलं तर सोल राहिलं बाजूला, पायचं एसएसएचच तुटलं.

सिसॅडमिन_ताई:
एसएसएचमधून गेलास ना, एकदाच दिलंस तर एसएसएच ते स्वतःलाच समजतं, म्हणून टिल्ड दोनदा, मग टिंब.