मदत हवी आहे: अलास्कात किनाऱ्यावर सापडलेले वॉलरसचे सुळे

नोमजवळच्या किनाऱ्यावर दोन सुळे सापडले. एक पांढरट, फूटभर लांब. दुसरा तुटका, कोऱ्या चहाच्या रंगाचा. तुटक्या टोकाला बाहेरून गुळगुळीत थर आणि आत रव्याच्या लाडवासारखा दाणेदार गाभा दिसतो. हत्ती किंवा मॅमथच्या दातात असतात तशा एकमेकींना छेदणाऱ्या रेषा भिंगातूनही दिसत नाहीत, म्हणजे वॉलरसच असावा. (खरा आहे की प्लास्टिक ते कळायला तापलेली सुई टोचून बघ, असं कृपया सुचवू नका!)

जागा समुद्रापासून पाव मैलाच्या आत आहे, राष्ट्रीय उद्यानात किंवा मूलनिवासी कॉर्पोरेशनच्या (अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या मालकीच्या कंपनीच्या) जमिनीवर नाही. फोटो आणि जीपीएसची नोंद आहे. मी मूलनिवासी नाही, त्यामुळे 30 दिवसांच्या आत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून (अमेरिकेचं वन्यजीव खातं) नोंदणीचा टॅग लावून घ्यायचाय, त्याची वेळ ठरवली आहे. विकता येत नाही हे माहीत आहे, विकायचेही नाहीत.

घोडं अडलंय ते पुढे. आम्ही अँकरेजहून सिएटलला गाडीने, म्हणजे कॅनडातून, बिऱ्हाड हलवतोय. वॉलरस साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट 3 मध्ये आहे. मग टॅग असूनही दोन्ही सीमांवर वेगळा परवाना लागतो का, की विमानाने थेट सिएटलला पाठवणं सोपं? आणि तो तपकिरी तुकडा जीवाश्म निघाला, तर त्यालाही हेच नियम का?