दत्तक घेतलेला कॉकाटिएल हात दिसला की फिस्स करतो, काय करावं?

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांची दुबईला बदली झाली म्हणून त्यांचा कॉकाटिएल, म्हणजे तुरेवाला छोटा विदेशी पोपट, आम्ही घेतलाय. नर आहे, राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर नारिंगी टिकल्या, वय चारेक वर्षं असेल असं ते म्हणाले. नाव बंड्या. त्यांच्याकडे म्हणे खांद्यावर बसून कपातला चहा प्यायचा, आमच्याकडे मात्र आल्यापासून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दांडीला चिकटून बसलाय. पाणी बदलायला हात आत घातला की तुरा डोक्याला चपटा, चोच उघडी आणि सापासारखं फिस्सऽऽ. लेक सातवीत आहे, तिलाच हौस होती, तिला चांगलाच चावला तेव्हापासून ती पण लांबूनच बघते. सासूबाई दिवसभर मिठू मिठू करतात, तो ढिम्म. पिंजरा हॉलच्या खिडकीत ग्रिलवर ठेवलाय, उजेड वारा मस्त येतो. एका दुकानदाराने सांगितलं पंख छाटा आणि एक दिवस उपाशी ठेवा, मग बघा कसा हातावर येतो ते. मला काही पटेना. कोणाला अनुभव आहे का? साधारण किती दिवस लागतात रुळायला?

खडूस_काका:
सोडून द्या की हो आकाशात. पक्ष्याला कोंडणं पाप आहे. विषय संपला.

गिरगावचा_पंखवाला:
काका, विषय नाही संपत तिथे. कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि हा तर पिंजऱ्यातच जन्मलेला असणार. मुंबईत सोडला तर पहिल्या तासात कावळे मागे लागतील, त्यांच्यातून वाचला तर दाणापाणी कुठे शोधायचं तेच त्याला माहीत नाही.

ताई, आता तुमचं. सगळ्यात आधी आजच्या आज तो पिंजरा ग्रिलवरून काढा. उजेड वारा आपल्याला बरा वाटतो पण त्याच्या जागेवरून बघा जरा, मुलुंडला घारी किती फिरतात, शिवाय ग्रिलवर कावळा येऊन बसत असणार (तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी पोळीचे तुकडे टाकत असेल तर विचारूच नका). शिकारी पक्षी डोक्यावर आणि पळायला जागा नाही, असा दिवसभर बसलेला जीव संध्याकाळी तुमच्या हाताकडे प्रेमाने कसा बघेल? हॉलमध्येच कोपऱ्यात ठेवा, दोन बाजूंना भिंत, उंची तुमच्या छातीएवढी. माणसं दिसली पाहिजेत पण येताजाता कोणी पिंजऱ्याला घासून जाता कामा नये. किचन मात्र नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा जो धूर निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल हे पण त्या खोलीत बंद, सासूबाईंना देवघराचं दार लावून घ्यायला सांगा.

मग काही दिवस काहीच करू नका. खरंच. पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून आडवं तोंड करून बसा, पेपर वाचा, भाजी निवडा, टक लावून बघू नका कारण समोरून रोखून बघणं म्हणजे शिकारी. लेकीला सांगा तिथे बसून धडा मोठ्याने वाच, बोटबिट घालायचं नाही. तुऱ्याकडे लक्ष ठेवा, तोच त्याचा मीटर आहे. सपाट चिकटलेला म्हणजे घाबरलाय किंवा चिडलाय, ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कसलीतरी उत्सुकता आहे, मागे सैल कललेला म्हणजे निवांत. तुम्ही बसलेल्या असताना त्याने पंख साफ केले, एका पायावर उभा राहिला किंवा चोच कर्र कर्र घासायला लागला तर समजा काम सुरू झालं.

त्यानंतर राळ्याचं कणीस आणा, पक्ष्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिलेट स्प्रे म्हणून मिळतं. एरवीच्या वाटीत ते द्यायचं नाही, फक्त तुमच्या हातून. लांब कणीस घ्या, एक टोक तुमच्या हातात, दुसरं जाळीतून आत. तो मान ताणून एक दाणा उचलेल आणि लगेच मागे सरेल, सरू दे. पुढे पुढे कणीस आखूड धरत जायचं, बोटं आपोआप जवळ येतात. जिथे तुरा चपटा झाला तिथे थांबायचं आणि हात थोडा मागे घ्यायचा, ह्याने तो शेफारत नाही, उलट नुसतं सांगून भागतंय मग चावायचं कशाला हे त्याला कळतं. लेकीला चावला त्याआधी त्याने नक्की फिस्स केलं असणार, कोणी ऐकलं नाही एवढंच. कणीस हातातून बिनधास्त खायला लागला की मग बोट, ते पण वरून नाही, खालून, पायांच्या जरा वर पोटाला हलकं टेकवून. "ये" म्हणा, आला तर कणीस, नाही आला तर बोट काढून घ्या.

उपाशी अजिबात ठेवू नका. एवढासा पक्षी, वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, त्याच्या अंगात साठा तो किती असणार. उलट किचनच्या काट्यावर सवय झाली की रोज वजन करा, पक्षी आजार लपवतात, वजन आधी घसरतं. आणि चहा बंद, त्यातलं कॅफिन त्यांना चालत नाही.

ठाण्याची_मावशी:
वरचं सगळं मान्य पण पंखांबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. घरात सीलिंग फॅन, उघड्या खिडक्या, लहान मुलं दार सताड टाकतात, त्यामुळे आमच्या लव्हबर्डचे मी डॉक्टरकडून हलके ट्रिम करून घेतले होते. दुकानात मात्र कधीच नाही, तिथे कात्री कशीही मारतात आणि नवं, अजून वाढत असलेलं रक्ताचं पीस कापलं गेलं तर रक्त थांबता थांबत नाही.

गिरगावचा_पंखवाला:
मावशी, डॉक्टरकडून केलं तर ठीक, पण आत्ताच घाबरलेल्या पक्ष्याचं उडणंच काढून घेतलं तर त्याच्याकडे चावण्याशिवाय काय उरलं? मी तरी फॅन बंद ठेवून खिडक्यांना जाळी मारीन. आपलं जमणार नाही ह्यावर 😄

कायदेवाला_दादरकर:
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून. आपला हिरवा देशी पोपट, गळ्याला कंठ असलेला, तो पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, मग तो विकत घेतलेला असो की कोणी प्रेमाने दिलेला. कॉकाटिएल विदेशी, आणि तो साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाही त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही. पण उद्या हौस वाढली आणि सन कोन्यूर किंवा आफ्रिकन ग्रे पोपट घेतला, जे त्या यादीत आहेत, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

मुलुंडकरीण:
सगळ्यांचे आभार! पिंजरा हलवला हो पंखवाले दादा, शोकेसच्या बाजूच्या कोपऱ्यात. तुम्ही म्हणालात तसंच, समोरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसते, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आता पुढे येऊन दाणे खातो, काल लेक इतिहास वाचत होती तर शिवाजी महाराज आग्र्याहून सुटेपर्यंत ह्याने पूर्ण पाठ साफ करून घेतली. कणीस अजून लांबूनच घेतो. पण नवीन प्रकरण, रात्री अचानक पिंजऱ्यात धडाधड आपटतो, दोनचार पिसं पडली. आजारी आहे का?

ठाण्याची_मावशी:
नाही गं, कॉकाटिएलमध्ये हे फार असतं, अंधारात कशाने तरी दचकतात, पाल, गाडीची लाइट, काहीही. पूर्ण झाकू नकोस, एक बारीक झिरोचा दिवा राहू दे आणि एक बाजू उघडी ठेव. आपटायला लागला तर हात आत न घालता लाइट लावून हळू आवाजात बोल. दहाबारा तास झोप मिळायला हवी, म्हणजे हॉलमधला टीव्ही साडेनऊला बंद, सिरियल बघणाऱ्यांनी मोबाइलवर बघा. पिसाच्या बुडातून रक्त येत असेल, किंवा दिवसासुद्धा फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल तर मात्र वाट बघू नकोस, पक्ष्यांचे डॉक्टर जवळ कोणी नसतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्षी पण बघतात. नेताना छोटा पिंजरा घे आणि वरून ओढणी टाक, सेंट्रलला दुपारची गाडी पकड, सकाळच्या गर्दीत नको.

खडूस_काका:
सिरियल मोबाइलवर बघायला सासूबाई तयार झाल्या तर मला कळवा, आमच्याकडे पण एक कॉकाटिएल आणतो.