आजीचा अंदाज

आजीच्या हातचा गोडा मसाला गेल्या आठवड्यात संपला. बरणीच्या तळाशी उरलेला चमचाभर आईने आमटीत घातला आणि बरणी मात्र अजून धुतलेली नाही. आजीला जाऊन सात महिने झाले. तिचा सगळा संसार वाईला झाला. आधी चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. ओटा बदलत गेला, मसाला तोच राहिला.

त्याचं प्रमाण मी एकदा वहीत उतरवून घेतलं होतं. धणे एक किलो, तीळ आणि सुकं खोबरं पाव-पाव किलो, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, लवंग, शहाजिरं, हळकुंड, हिंग. इथपर्यंत ठीक आहे. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'भाजणे: अंदाजाने.' अंदाज म्हणजे किती, असं मी तेव्हा विचारलं होतं. तिने कढईतला एक धणा उचलला, फुंकर घातली आणि माझ्या दाताखाली दिला. "वाजला ना? मग उतरव." दगडफूल निवडायला ती उन्हात बसायची. एकेक पाकळी उलटी करून टिचकी मारायची, कारण खालच्या काळ्या बाजूला सालीचे बारीक तुकडे चिकटलेले असतात. दोन मुठी दगडफुलाला अर्धा तास लागायचा.

यंदा मी वहीबरहुकूम मसाला केला. चांगला झाला, पण तिचा नाही झाला.

म्हणून विचारते, तुमच्या आजीला मोजमापाशिवाय काय कळायचं? एकच गोष्ट सांगा, पण नीट सांगा. जन्मभर घर सांभाळलं त्या आज्यांबद्दल मुद्दाम विचारतेय. त्यांच्या कामाचं ना हजेरीपुस्तक, ना निवृत्तीचा सत्कार.

*

माझी आजी लालबागची. ती 'घरीच असायची' असं आमच्यात सगळे म्हणतात. चाळीतल्या एका खोलीत ती रोज बावीस गिरणी कामगारांना जेवू घालायची. आम्ही त्यांना मेंबर म्हणायचो. पहिल्या पाळीचे पहाटे डबा न्यायचे, दुसऱ्या पाळीचे दुपारी जेवून जायचे, तिसऱ्या पाळीचे सकाळी डोळे चोळत यायचे. कोणाला किती भाकरी लागणार, हे ती जिन्यावरच्या पावलांवरून सांगायची. शपथ घेऊन सांगतो, मी पाहिलंय. पाऊल ओढत आलेल्या माणसासाठी ती तव्यावर एक जास्तीची टाकायची.

लिहिता येत नव्हतं. प्रत्येक मेंबरची दाराआड भिंतीवर कोळशाची रेघ. महिन्याचे पैसे आले की ओल्या फडक्याने पुसायची. भांडी-धान्य सावकाराच्या पैशातून यायचं. पुढे प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे आमच्या भागातल्या कितीतरी खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. मंडळ 1975 सालचं. आजीही त्यातलीच एक. बँकेत अंगठा उठवून आली त्या दिवशी तिने शिरा केला होता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पगार थांबले, पण मेंबर जेवायला येत राहिले, जाणार तरी कुठे? तिने आधी डाळ पातळ केली, मग भात बंद केला, मग स्वतःच्या पाटल्या मोडल्या. हळूहळू माणसं गावी गेली. भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या. नंतर चुना काढायची वेळ आली तेव्हा वडिलांनी विचारलं, "ह्या पुसू?" ती म्हणाली, "पैशांचं असूं दे. पण कोण कोण होते ते मला आठवायला लागतात." तेवढा भाग सोडून चुना काढला. पुनर्विकासात चाळच गेली.

*

आम्ही पुण्याचे, नारायण पेठेतले. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते, आजीने सांगितलेलं सांगते. पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा आजोबा कचेरीत होते. शेजारच्या बायका दागिने शोधत होत्या. आजीने दोन मुलं घेतली, स्टोव्ह घेतला, रॉकेलची बाटली घेतली आणि काडेपेटी पोलक्यात खुपसली. टेकाडावरच्या एका ओळखीच्या वाड्यात तीस-पस्तीस माणसं जमली होती. रात्री वीज नव्हती. तिथं आधी तिचाच स्टोव्ह पेटला आणि लहान मुलांना गरम पेज मिळाली.

परतल्यावर घरात गुडघाभर चिखल. गहू भिजून इतका फुगला होता की पत्र्याची कोठी शिवणीवर उसवली होती. त्या उसवलेल्या कोठीतला गहू तिने उपसला, आणि तेव्हा मात्र रडली. देव वाहून गेले तेव्हा रडली नव्हती.

*

बीड जिल्हा, 1972 चा दुष्काळ. आजोबा आणि आजी दोघं खडी फोडायला जायचे. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी मिळायची, मिलो. त्या पिठाला चिकटपणाच नाही. भाकरी थापायला गेलं की हातावरच भेगाळायची. आजीने उकळतं पाणी ओतून पीठ आधी झाकून ठेवलं. "पोळलं की धरतंय." ती भाकरी मोडायची नाही. मग गल्लीतल्या बायका आमच्या चुलीपाशी बघायला यायला लागल्या. मुलांना मिळणारी सुकडी ती अर्धी काढून ठेवायची आणि रात्री द्यायची, कारण उपाशी पोराला रात्री झोप येत नाही.

पुढे बागायत आली, घर बांधलं, पण शेवटपर्यंत तिने भाकरीचा तुकडा ताटात राहू दिला नाही. मी राहू दिला तर बोलायची नाही. उचलून स्वतः खायची.

*

मालवणची आजी. नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही, त्यामुळे मीठ वासावरून. "वासान कळता गो, मीठ लागला काय नाय ता." सोलकढीलासुद्धा. मी अजून चमच्याने चाखूनच बघते.

*

मी न्यू जर्सीत राहते. आजी गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी हट्टाने कुरडया करायला घेतल्या. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, चीक काढला, रात्रभर निवू दिला, वरची निवळ ओतून टाकली. शिजवताना व्हिडिओ कॉलवर तिला घेतलं. मोतीबिंदूमुळे तिला पडद्यावरचं दिसत नव्हतं. म्हणाली, "मला दाखवू नकोस, फोन पातेल्याजवळ धर."

मी वाफेत फोन धरून उभी. ती तिकडे जळगावात कान लावून. आधी नुसती फदफद होती. "ढवळ, गाठी होतायत." मग बुडबुडे जड झाले, थांबून थांबून फुटायला लागले. "आता हाताला पाणी लाव आणि बोट टेकव. चिकटतंय?" नाही चिकटलं. "झाकण ठेव, एक वाफ आण, बंद कर."

एवढ्या लांबून, डोळ्यांनी न बघता! कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या. त्यातल्या सात-आठ मी अजून तळलेल्या नाहीत.

*

इतरांचं वाचून लिहावं की नाही असं वाटत होतं. आमच्या आजीला बारा माणसांचं खाणं पाठ होतं. कोणाला वांगं चालत नाही, कोणाला कढीत साखर लागते, कोणता जावई लाजून दुसऱ्यांदा मागत नाही. तेराव्याच्या दिवशी गुरुजी म्हणाले, त्यांच्या आवडीचं काही पानात वाढा. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. पाच मुलं, अकरा नातवंडं. कोणालाही सांगता आलं नाही. शेवटी धाकटी काकू आत गेली आणि घट्ट साईचं दही घेऊन आली, ते सगळ्यांनाच आवडतं म्हणून.

*

मी, मूळ प्रश्न विचारणारी. वरचा अनुभव वाचून उठले आणि आईला विचारलं, "आपल्या आजीला काय आवडायचं?" आई भाजी निवडत होती. हात थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुधाच्या पातेल्याची खरवड. साखर घालून उलथन्याने खरवडून खायची, उभ्या उभ्या, ओट्यापाशी."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आवडायची म्हणून खायची, का दुसरं कोणी खात नव्हतं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही."

काल दूध तापवलं. पातेलं भिजत टाकलं नाही. आईने आणि मी खरवड खाल्ली. किंचित करपलेली लागते, आणि खूप छान लागते.