मेन बंद, टेस्टर थंड, तरी न्यूट्रलमधून झटका कसा?

तासगावचा_वायरमन
काल एका जुन्या माडीच्या घरात सीलिंग फॅन बदलायचा होता. मेन पाडला, फॅनचं बटण बंद केलं. बॉक्समधल्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या (परतीच्या) वायरींना टेस्टर लावला, पेटला नाही. पोऱ्याला शिडीवर चढवला. त्यानं न्यूट्रलचा जॉइंट सोडला, दोन टोकं दोन हातांत, आणि अशी बोंब मारली! मी शिडी धरून होतो म्हणून पडला नाही. परत टेस्टर लावला तर एक टोक पेटतंय! गेल्याच महिन्यात मी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीत वीज गळली की लाइन तोडते ती) बसवलीय, ती का वाचवू शकली नाही? बावीस वर्षं काम करतोय, डोकं चालेना.

जुना_फ्यूज
घरात इनव्हर्टर आहे का? आणि जॉइंट सोडला तेव्हा कुठला दिवा विझला का?

तासगावचा_वायरमन
आहे, जिन्याखाली. दिव्याचं आत्ता आठवलं. म्हातारी ओरडली होती, देवघरातला झिरोचा बल्ब गेला म्हणून!

जुना_फ्यूज
मग तोच चोर. मेन पाडल्यावर इनव्हर्टर बॅटरीवर गेला, बल्ब चालूच राहिला. त्याचा न्यूट्रल तुमच्या फॅनबॉक्समधून परत जातो. जोडलेला होता तोवर टेस्टर गप्प. तोडल्यावर बल्बातून आलेला फेज (चालू वीज) त्या टोकाशी येऊन थांबला आणि पोऱ्यानं दोन्ही हातांनी रस्ता जोडून दिला. आरसीसीबी इनव्हर्टरच्या अलीकडं, मेनकडं असणार. बॅटरीवरचं तिला काय कळणार? पलीकडं असती तरी उपयोग नव्हता. एका हातातून गेला, दुसऱ्यातून परत आला, जमिनीत काहीच गळलं नाही.

एमआयडीसी_मेंटेनन्स
इनव्हर्टरचं नुसतं बटण बंद करूनही भागत नाही हं. लाइट असली की बायपासनं, म्हणजे इनव्हर्टरला वळसा घालून, मेनचा फेज पुढं जातोच. मेन आणि इनव्हर्टर दोन्ही बंद, मग हात. आमच्याकडं स्विचला कुलूप घालून चावी ज्याचा हात आत त्याच्याच खिशात. घरात कुलूप कुठलं, पण फ्यूज काढून खिशात टाकता येतो. न्यूट्रल सोडायच्या आधी दोन्ही बाजू तात्पुरत्या वायरनं जोडून घ्या. आणि पोऱ्याला दवाखान्यात नेलंत का? हातातून हातात म्हणजे छातीतून गेलाय. ईसीजी काढा.

तासगावचा_वायरमन
काढला, नॉर्मल आहे. सकाळी मेन आणि इनव्हर्टर दोन्ही बंद करून बघितलं, टोक थंड. पोऱ्या आलाय कामावर, पण शिडीवर आता मलाच चढवतोय.