बँकेच्या सोनेकाट्यावरील ‘१०० सॉव्हरिन’ वजन

पितळी पारडे: नमस्कार. जुन्या वस्तूंच्या बाजारात मला इंग्लंडमधील बँकांत वापरत त्या धाटणीचा पितळी काटा मिळाला. त्याच्या एका वजनावर ‘१०० सॉव्हरिन’ (सॉव्हरिन म्हणजे इंग्लंडचे सोन्याचे नाणे) असे कोरलेले असून ते सुमारे ७९९ ग्रॅम भरते. नाणी हाताने मोजता येत असताना ती तोलत का असत, आणि झिजलेल्या नाण्यांमुळे मोजणी चुकत नसे का? शिवाय रिकामी पारडी सारखी राहत नाहीत. जड पारडे कानशीने घासावे का?

तोळामासा: वजन बरोबर जुळते. सॉव्हरिन, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट गिनी म्हणत ते नाणे, ७.९८८ ग्रॅमचे असते. हजारो नाणी हाताने मोजण्यापेक्षा शंभरांचे ढीग तोलणे कितीतरी जलद होई. झिजेविषयीची तुमची शंका रास्त आहे. पण १८७० च्या कायद्याने चलनात चालणाऱ्या सॉव्हरिनचे किमान वजन १२२.५ ग्रेन, म्हणजे सुमारे ७.९३८ ग्रॅम, ठरवले होते. शंभरही नाणी त्या मर्यादेपर्यंत झिजलेली असली, तरी एकूण तूट ५ ग्रॅमच्या आसपास येते आणि एक नाणे कमी असल्यास ती जवळपास ८ ग्रॅम असते. त्यामुळे संख्येत घोटाळा होत नाही. दोनशेच्या ढिगाला मात्र ही खात्री देता येणार नाही.

गुंजभर: ढिगात लपलेले एखादे हलके नाणे मात्र अशा तोलण्यात सापडत नाही, त्यासाठी प्रत्येक नाणे वेगळे तोलावे लागे. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर विल्यम कॉटन यांनी १८४० च्या दशकात याच कामासाठी स्वयंचलित यंत्र तयार केले, जे पुऱ्या वजनाची आणि हलकी नाणी आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत टाकी. मला तर ते त्या काळातील सर्वांत देखणे यंत्र वाटते.

कृपा करून पारडे घासू नका. हलक्या बाजूला पासंग बांधा. दांडीच्या दोन्ही भुजा असमान असतील तर पासंगानेही भागत नाही. अशा वेळी वस्तू एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वाळू घालत दांडी सम करावी, मग वस्तू काढून त्याच पारड्यात वजने ठेवावीत. दोन्ही वेळा तोल एकाच बाजूला होत असल्याने दांडीचा दोष आपोआप वजा होतो.

पितळी पारडे: मनःपूर्वक आभार. वाळू चाळून ठेवली आहे. आज आईची गिनी अशाच रीतीने तोलून पाहतो.